मावशीच्या गाडीला चौथा पडेना

आमच्या मावशीचा डावा पाय लहानपणीच गेला. गेला म्हणजे अजून जागेवर आहे, पण कामाचा नाही. तापात अंथरूण धरलं, उठली तेव्हा उजवा पाय वाढायला लागला आणि डावा रुसलेल्या जावयासारखा तिथंच बसून राहिला. गल्लीतल्या पोरांनी तिला नाव ठेवलं ‘तीनचाकी’. दोन पाय आणि एक काठी. नाव ठेवणाऱ्यांना तिनं त्याच काठीनं बडवलं. काठ्या मोडल्या, नाव टिकलं. पुढं पुढं तीच फोनवर सांगायची, “कोण म्हणून काय विचारता? तीनचाकी बोलतेय.”

ही मावशी गाडी चालवते. हौसेची नव्हे, पोटाची. मोठ्या लाँड्रीतून धुतलेल्या चादरी, गाऊन, टॉवेल भरायचे आणि माळापलीकडच्या दवाखान्यात सकाळची पाळी बदलायच्या आत पोचवायचे. येताना तिथले मळके गठ्ठे घेऊन यायचं. हे काम आधी काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं होतं. काकांचे डोळे गेले. पार नाही, पण समोरून येणारं म्हैस आहे की मोटार हे जवळ आल्यावर कळायला लागलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. लाँड्रीची मालकीण दुसरा माणूस शोधायला लागली, तेव्हा मावशी काठी टेकत तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, “काम घरातच राहू दे. मी चालवते.”

“आणि क्लच कोण दाबणार?” मालकिणीनं विचारलं.

“क्लच नसलेली गाडी आणते.”

तशी गाडी आमच्याकडं कोण ठेवतो? पण एक होती. भंगारवाल्याच्या कुंपणाशी जुनी ऑटोमॅटिक व्हॅन पडून होती, कारण ती दुरुस्त करायला कुणी धजत नव्हतं. मागच्या दारातून कोंबड्या आत-बाहेर करायच्या, एक तर सीटवर अंड्यांवर बसली होती. मावशीनं कोंबडीची पिल्लं निघेपर्यंत दम धरला आणि मग गाडी ओढून आणली. तिला शिकवायला शेजारी काका बसले. त्यांना रस्ता दिसत नव्हता आणि हिला गाडी येत नव्हती. दोघांत मिळून एक ड्रायव्हर झाला. पुढं तो एकट्या मावशीचा झाला आणि काका घरी बसले. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे खुंटीला टांगलेली घंटा. वारा आला तरी वाजते.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग यंदाच्या थंडीत गाडीला चौथा पडेना.

या गाडीला गिअर चार. तीन ओढायचे, एक पळायचा. त्या पळायच्या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. नाव मोठं, काम साधं. गाडीनं वेग धरला की तो आपोआप पडतो. चाकं तेवढीच फिरतात, पण इंजिनाचा आवाज खाली येतो, ओझं उतरवून बसलेल्या हमालानं श्वास सोडावा तसा. मावशीला तो श्वास ऐकायची सवय होती. उतार संपला, माळावरचा सरळ रस्ता लागला, की पडला चौथा. मग मावशी पाठ टेकून बसायची.

आता तो श्वास येईना. गाडी तिसऱ्यातच अडकून दात कोरायच्या यंत्रासारखी किंचाळायची. आणखी दाबावं तर इंजिन फुटेल की काय अशी भीती, न दाबावं तर उशीर. मावशीनं इंजिन जपलं आणि उशीर पत्करला. एक दिवस, दोन दिवस. मग रोजच व्हायला लागला. दवाखान्यातल्या सिस्टरनी मालकिणीला फोन केला. मालकीण स्वतः लाँड्रीच्या आवारात आली, गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, “ताई, तुमच्यावर राग नाही. पण तिथं नर्सबाया पेशंटला एका कुशीवर धरून चादरीची वाट बघत उभ्या राहतात. महिनाअखेरपर्यंत थांबते. पुढं नवा टेम्पो लावीन. त्याचा माणूसही बघून ठेवलाय. टेम्पो तुम्हालाच दिला असता, पण...” आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

“पण त्याला क्लच आहे,” मावशी म्हणाली. “बोला की. पायाला राग येत नाही.”

म्हणजे गाडीचा चौथा गेला तर मावशीचं स्टिअरिंग गेलं, इतका सरळ हिशोब होता. दुसरी गाडी तिला चालणार नव्हती आणि दुसऱ्या कुणाला ही गाडी नको होती.

घरात थोरल्यानं, म्हणजे मावशीच्या मुलानं, ही वेळ साधली. तो सज्जन आहे, पण सज्जन माणसाला दुसऱ्याचं भलं करायची फार घाई. “आई, झालं ना आता? गाडी विकून टाक. घरी बस. नातवाला गोष्टी सांग.”

“माझ्या गोष्टी ऐकून तो शिव्या शिकेल,” मावशी म्हणाली.

“या वयात बायका आराम करतात.”

“करतात ना. तुझा बाप करतोय. बघ कसा दिसतो.”

काका खिडकीपाशी बसून मोजे उलटे घालत होते. त्यांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

मावशी गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेली. मिस्त्री म्हणजे काकांचा जुना दोस्त. तो मावशीला वहिनी म्हणतो आणि मावशी त्याला भावजी. गॅरेज एका शेडमध्ये, जमीन तेलानं इतकी काळी की पडलेला नट हातानं चाचपून शोधावा लागतो. मिस्त्री माणूस हुशार, पण ऑटोमॅटिकचं नाव काढलं की त्याचा चेहरा सासुरवाडीला निघाल्यासारखा व्हायचा. तरी त्यानं एकेक करून बघितलं. गिअरच्या दांड्यावर चौथा बंद करायचं एक बटण असतं. ते चुकून दाबलंय का बघितलं. नव्हतं. फ्यूज बघितले, धड होते. ब्रेकच्या दिव्याचा स्विच अडकला तर गाडीला वाटतं ब्रेक दाबलाय, आणि ती चौथा देत नाही. तो स्विच बदलला. फरक शून्य. मग म्हणाला, “मीच चालवून बघतो.”

“भावजी, डावा पाय मांडीखाली घेऊन बसा,” मावशी म्हणाली.

“वहिनी, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून चालवतोय मी.”

फाटकाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. वळणावर सवयीनं मिस्त्रीचा डावा पाय क्लच शोधायला गेला. तिथं क्लच नव्हताच, होता हा मोठा ब्रेक. त्यानं तो मुळापासून दाबला. गाडी जागच्या जागी थिजली, मिस्त्रीचं कपाळ काचेला लागलं आणि मागून गठ्ठ्यांची रास पुढं आली. एका गाऊनची बाही त्याच्या गळ्यात पडली.

“आता सांगा,” शेजारच्या सीटवरून मावशी म्हणाली, “लंगडं कोण?”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बाजारपेठेतल्या गिअरवाल्याला आणलं. तो फक्त गिअरबॉक्सच खोलतो. ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडं खिळेच दिसायचे. त्यानं तेल मोजायची दांडी काढून तेल बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, “पेटी खोलावी लागेल. आतल्या प्लेटा गेल्या. महिनाभर ठेवा.”

महिनाभर गाडी त्याच्याकडं ठेवायची म्हणजे काम सोडून द्यायचंच. मावशीनं ती दांडी त्याच्या हातातून घेतली, पांढऱ्या चिंधीवर पुसली आणि चिंधी नाकाला लावली.

“लाल आहे,” ती म्हणाली. “जळकट वासही नाही. प्लेटा जळल्या तर तेल काळं पडतं, असं तुम्हीच मगाशी भावजींना सांगत होता.”

“कधी कधी नाही पडत.”

“आणि गेलेल्या प्लेटा दुपारी परत येतात का?”

“म्हणजे?”

“काल येताना चढ चढून वर आले तेव्हा चौथा पडला होता. थोडा वेळ राहिला आणि गेला. मेलेला माणूस दुपारी उठून पाणी मागत नाही.”

गिअरवाल्यानं खांदे उडवले. म्हणाला, खोलल्याशिवाय काही सांगता येत नाही. आणि आपली पिशवी उचलून निघून गेला. मिस्त्रीनं कपाळावरचं टेंगूळ चोळत विचारलं, “वहिनी, मग काय करायचं?”

“आधी दुखणं कुणाचं ते बघायचं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं नको. पेटीला हात लावायचा नाही.”

“बरं. मग रेडा कुठला ते तरी सांगा.”

“शोधते,” मावशी म्हणाली, आणि तिनं खरंच शोधायला घेतलं.

शोधायला तिच्याकडं यंत्र नव्हतं. कान होते आणि रस्ता होता. रोज जाताना-येताना ती चौथ्याची वाट बघायची, जणू तो उधारी घेऊन गेलेला पाव्हणा होता. सकाळी जाताना, उतार आणि माळ, चौथा नाही. येताना माळावर नाही. चढावर गाडी रडत-कुथत वर आली की सपाटीवर पडायचा. लाँड्री जवळ आली की पुन्हा सोडून जायचा. मिस्त्री म्हणाला, “चढामुळं तारा हलत असतील.” त्यानं खाली झोपून सगळ्या तारा, सगळे जोड ओढून बघितले, साफ केले, पुन्हा लावले. तारांचा काही गुन्हा नव्हता.

मग एका सकाळी पुलावर ट्रक आडवा झाला. मावशी इंजिन चालू ठेवून रांगेत अडकली. दवाखान्याला उशीर होतोय म्हणून तिनं ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. रांग हलली, पूल संपला, वेग धरला, आणि पडला चौथा! सकाळी, गार माळावर, कुठलाही चढ नसताना. मावशीनं स्टिअरिंगवर थाप मारली. पण पुढच्या गावाची पाटी गेली न गेली तोच इंजिन पुन्हा किंचाळायला लागलं. आला तसा गेला.

ती वाकडं तोंड करून बसली असती, पण त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की डाव्या पायाला पुन्हा थंडी वाजतेय.

इथं त्या पायाबद्दल सांगायला हवं. असल्या पायाला गारवा फार लवकर कळतो. सकाळी तो निळा पडतो, दोन मोजे घातले तरी. ऑटोमॅटिक गाडीत त्याला काही काम नाही, म्हणून मावशी तो खाली हीटरच्या तोंडाशी ठेवून द्यायची. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो. आणि यंदा हीटर नुसता गार वारा ओकायचा. मावशीनं हीटरला शिव्या दिल्या होत्या, पण ते दुखणं तिनं वेगळं धरलं होतं. जुन्या गाडीत दहा दुखणी असतात, कुठं सगळ्यांची नाती लावत बसायची?

आता तिनं नातं लावलं. पुलावर थांबली होती तेव्हा पाय उबदार झाला होता. मग चौथा आला. गाडी पळाली, वारा लागला, पाय गार पडला आणि चौथा गेला. चढावरही असंच व्हायचं. वर येईपर्यंत पाय शेकून निघायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना शेजारी बसवलं. “अहो, तुम्हाला दिसत नाही ते बरंच आहे. इथं हीटरच्या तोंडावर हात धरा आणि सांगत राहा.”

काका खूश झाले. कित्येक दिवसांनी गाडीत काम मिळालं होतं. “गार,” ते ओरडले. “गार. गारच. अजून गार.”

“एकदा सांगितलं तरी पुरे. बदललं की सांगा.”

माळाच्या मध्यावर मावशीनं मुद्दाम गाडी कडेला लावली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. बराच वेळ गेला. “कोमट,” काका म्हणाले. मग, “गरम! चांगलं गरम!” मावशीनं गाडी काढली. वेग धरला. चौथा पडला. काकांनी टाळी वाजवली, लगेच हात पुन्हा हीटरवर ठेवला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज उतरला. “कोमट.” मग “गार,” आणि तो शब्द संपायच्या आत इंजिन किंचाळलं.

“कळलं?” मावशी म्हणाली. “पेटीला काही झालेलं नाही. इंजिनच गरम होत नाही. आणि गार इंजिनाला ही गाडी चौथा देत नाही.”

काका एकदम गप्प झाले. उरलेल्या वाटेत त्यांनी हीटरवरचा हातही काढून घेतला. मावशीला वाटलं, म्हातारा दमला.

मिस्त्रीनं ऐकलं तेव्हा तो स्टुलावरून उठून उभा राहिला. “असतं, वहिनी! असतं असं! इंजिन तापेपर्यंत वरचा गिअर अडवून ठेवतात, म्हणजे गार इंजिनावर जोर पडू नये. पण आपल्याकडं कुणाचं इंजिन गार राहतं? आपण तर तापतंय म्हणून रडतो.” त्यानं डॅशबोर्डवरचा काटा बघितला. काटा तळाशी झोपला होता. खाली असलेला काटा म्हणजे इंजिन सुखात, असं सगळेच समजतात. मावशीही तेच समजत होती.

तरी मिस्त्री सावध माणूस. साबणाच्या पावडरीचं मोठं खोकं फाडून त्यानं पुठ्ठा रेडिएटरपुढं बांधला, अर्धा भाग झाकेल असा. “उद्या असंच जा. वारा कमी लागला की इंजिन तापेल. तुमचं खरं असेल तर चौथा येईल आणि राहील. पण येताना चढाच्या आधी पुठ्ठा काढा, नाहीतर उकळेल.”

दुसऱ्या सकाळी माळावर चौथा पडला आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत राहिला. मावशीचा पाय त्या थंडीत घामेजला.

पण पुठ्ठा बांधून कुणी वर्षं काढत नाही. मिस्त्रीनं इंजिनाचं पाणी सोडलं आणि ज्या डबीत थर्मोस्टॅट बसतो तिचे बोल्ट काढायला घेतले. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दारवान. इंजिन गार असताना दार बंद ठेवतो, तापलं की उघडतो. “हा उघडा अडकला असणार,” मिस्त्री म्हणाला. “म्हणून पाणी सारखं रेडिएटरकडं पळतं आणि गार होतं.” मावशी काठीवर रेलून बघत होती. काका स्टुलावर बसून कानातलं कोरत होते.

डबी उघडली. आत काहीच नव्हतं. दारवानच नव्हता. नुसतं भोक.

मिस्त्रीनं बोट घालून बघितलं, जणू एवढा मोठा तुकडा कुठं कोपऱ्यात लपला असेल. “मी नाही काढला,” तो म्हणाला.

“मीही नाही,” मावशी म्हणाली.

दोघांनी काकांकडं बघितलं. काकांनी कान कोरायचं थांबवलं.

“उन्हाळ्यात,” ते म्हणाले. “तू लेकीकडं गेली होतीस ना, तेव्हा. चढावर गाडी तापते असं तू म्हणत होतीस. मी चाचपून चाचपून काढला. हाताला सगळं माहीत आहे अजून. एक बोल्ट हरवला नाही, एक थेंब गळला नाही. नंतर तापली का कधी?”

तापली नव्हती. आणि यात काकांनी जगावेगळं काही केलं नव्हतं. आमच्या गॅरेजांच्या गल्लीत कुठलीही गाडी तापली की पहिला इलाज हाच, थर्मोस्टॅट काढून फेका. बाप लेकाला शिकवतो, उस्ताद शागिर्दाला शिकवतो. मिस्त्रीनं स्वतः किती काढले असतील याची गणती नाही. क्लचच्या गाड्यांचं त्यावाचून अडलेलं दिसत नाही, म्हणून कुणाला पुढचं कळलंच नाही. उन्हाळाभर या गाडीचंही अडलं नाही. बाहेरच एवढं ऊन होतं की दारवान नसतानाही पाणी तापायचं. थंडी आली आणि बिंग फुटलं.

“अहो, सांगायचं तरी!” मावशी म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू काढू दिला असतास?”

“नसता.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“आणि काल गाडीत कळलं तेव्हा? गप्प बसलात ते दमून नव्हे तर?”

“दमलो होतोच की,” काका म्हणाले. “एवढं मोठं गुपित पोटात धरून माणूस दमणार नाही तर काय?”

मिस्त्रीला हसू आवरेना. त्यानं तोंड रेडिएटरकडं फिरवलं, आणि तिथंच थबकला. रेडिएटरच्या जाळीवर बोट फिरवून त्यानं राखाडी लव उचलून दाखवली. चादरींचे धागे. लाँड्रीच्या आवारात सुकवणीच्या यंत्रातून बाहेर पडणारी लव वर्षानुवर्षं या गाडीनं नाकात ओढली होती. जाळी निम्मी बुजली होती. उन्हाळ्यात गाडी तापायची ती यामुळं.

“ही साफ केल्याशिवाय नवा थर्मोस्टॅट घालायचा नाही,” तो म्हणाला. “नाहीतर चढावर पुन्हा उकळेल.”

“मी करतो,” काका म्हणाले.

मावशीनं जुना दात घासायचा ब्रश आणि पाण्याची नळी त्यांच्या हातात दिली. काकांनी दोन दिवस बसून ती जाळी एकेक खाच करत साफ केली. डोळ्यांनी झाली असती त्यापेक्षा बोटांनी चांगली झाली. त्या दोन दिवसांत पुठ्ठा बांधून आणि सोडून मावशीनं खेपा ओढल्या, पण चढाआधी थांबा, पुठ्ठा सोडा, जाताना पुन्हा बांधा, यात वेळ हातचा निसटायचा. महिनाअखेर दारात येऊन उभी होती.

या जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट नवा मिळेना. मिस्त्रीनं भंगारातून दोन जुने आणले. दोन्ही सारखेच दिसत होते. “यातला चालू कुठला हे कोण सांगणार?” तो म्हणाला.

“शिजवून बघू,” मावशी म्हणाली.

तिनं स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवलं आणि पहिला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडला. मिस्त्री ओट्याशी वाकून बघत होता, काका वाफेवर चेहरा धरून उभे होते. पाणी उकळायला लागलं तरी दार उघडेना. तो निकामी निघाला. तेवढ्यात थोरला कामावरून आला.

“काय शिजतंय?”

“तुझ्या बापाची करणी,” मावशी म्हणाली. “हात धुऊन ये, वाढते.”

दुसरा सोडला. पाणी चांगलं तापलं तसं त्याचं दार हळूच वर उचललं गेलं. पातेलं खाली घेतलं, पाणी निवलं, आणि दार परत बसलं. मिस्त्रीनं पुन्हा तापवायला लावलं. पुन्हा उघडलं. तिघं एकदम “हं” म्हणाले. थोरल्याला यातलं काही कळलं नाही. त्यानं विचारलं, “हे पातेलं आता कशात वापरायचं?”

मिस्त्रीनं थर्मोस्टॅट बसवला, नवं पाणी भरलं, इंजिनातली हवा काढली. दुसरी सकाळ महिन्याची शेवटची होती. रात्रभर हाडं गोठवणारी थंडी पडली होती. थोरला सुट्टी काढून बरोबर आला. “वाटेत बंद पडली तर ढकलायला कोण आहे?” असं म्हणाला. खरं तर त्याला आईच्या शेवटच्या खेपेला बरोबर राहायचं होतं. सज्जनच तो.

उतारावर तिसरा गिअर होता, इंजिन नेहमीसारखं ओरडत होतं, आणि त्याच्या वर आवाज चढवून थोरला आईला समजावत होता. तू पुष्कळ केलंस. माणसानं थांबायचं कुठं हे ओळखावं. घरात काय कमी आहे? मावशी समोर बघत होती. डॅशबोर्डचा काटा तळातून उठला, मधोमध आला आणि तिथं थांबला. मोज्यांतून पायाला ऊब लागली. माळ सुरू झाला.

“लोक मला नावं ठेवतात, आई! म्हणतात, स्वतः खुर्चीवर बसतो आणि लंगड्या आईला...”

चौथा पडला. इंजिन एकाएकी शांत झालं आणि थोरल्याचं ओरडणं गाडीभर घुमलं.

“...गाडी चालवायला लावतो!”

“ओरडतोस कशाला?” मावशी म्हणाली. “मी लंगडी आहे, बहिरी नाही.”

पुढची वाट थोरल्यानं फक्त आवाज ऐकला, म्हणजे आवाज नसणं ऐकलं. एक गाव गेलं, दुसरं गेलं. चौथा होता तिथंच होता. मावशीनं पाठ टेकली.

दवाखान्यात पोचली तेव्हा रात्रपाळीच्या नर्सबाया अजून जायच्या होत्या. कापडखान्याच्या सिस्टरनी दार उघडून बघितलं आणि म्हणाल्या, “आज तुम्ही? इतक्या लवकर?” थोरल्यानं गठ्ठे उतरवले. मावशीनं व्हॅनच्या पायरीवर बसून मालकिणीला फोन लावला.

“पोचले. सिस्टरना विचारा हवं तर.”

“विचारलं. त्यांचा फोन आत्ताच येऊन गेला,” मालकीण म्हणाली. “ताई, आज झालं. पण उद्या? परवा? टेम्पोवाल्याला मी शब्द दिलाय.”

“किती खेपांचा?”

“म्हणजे?”

“तुमच्या चादरी वाढल्यात. दुपारची खेप तुम्ही भाड्याच्या गाडीनं करता, ती कधी येते कधी येत नाही. दुपारची त्याला द्या. सकाळ माझी.”

“चौथा पुन्हा गेला तर?”

“का गेला ते आता मला माहीत आहे. टेम्पोचं काय बिघडतं ते त्याला माहीत आहे का विचारा.”

पलीकडं मालकीण हसली की खोकली ते कळलं नाही. “बघू,” ती म्हणाली.

“बघू नका. हो म्हणा. मी इथं गठ्ठे भरतेय, निघायच्या आत कळलं तर बरं.”

मग मालकीण म्हणाली, “हो. सकाळ तुमची.”

मावशीनं फोन खिशात टाकला, काठी घेतली आणि मागच्या दाराशी गेली. थोरला मळके गठ्ठे कसेही आत फेकत होता.

“ओले खाली,” ती म्हणाली. “कोरडे वर. आणि दारापाशी जागा सोड, वळणावर सगळं घसरतं.”

त्यानं सगळे गठ्ठे पुन्हा बाहेर काढले आणि पहिल्यापासून लावायला घेतले.